सात प्रतींतली तिसरी

अन्याय झाला तो तिरुवल्लिकेणीत राहणाऱ्या एका छायाचित्रकार बाईंवर. शनिवारी सकाळी अकरा वाजता, सिरुसेरीच्या रस्त्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. बाई तिथे नव्हत्या. करणारा मी. आरोपी पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकायचा, ही आमची पत्रकं लिहिण्याची रीत. या वेळी जड जातंय, पण रीत मोडत नाही.

मी तेव्हा दक्षिणेत, शहराबाहेरच्या सिरुसेरीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. आमच्या इमारतीमागचं तळं बुजवायला घेतलं होतं, आणि आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी त्याविरुद्ध पत्रकं वाटायचो. सरकारी साहेबांचं उत्तर ठरलेलं: पडीक जागा आहे, तिथे काही उगवत नाही. मग कळलं की तंजावरच्या मराठी घराण्यातल्या एक बाई अशा तळ्यांतल्या वनस्पतींचे फोटो काढतात, घरीच छापतात आणि विकतात. मी जिना चढून त्यांच्या दारात उभा राहिलो.

"काकू, मला एक फोटो विकत हवाय."

"काकू इथें कोणी नाहीं. मामी म्हण. आणि चप्पल बाहेर."

त्यांनी सुती हातमोजे घातले आणि टेबलावर एकेका प्रतीवरचा बटर पेपर उचलत गेल्या. चौथी आमच्या तळ्यातली निघाली. कृष्णधवल. नखाएवढं फूल पाण्यावर डोकं काढून, आणि पाण्याखाली केसांसारख्या पानांचं जाळं, त्यात किडे पकडायच्या बारीक पिशव्या. आमच्याकडे पठारांवर सीतेची आसवं फुलतात, त्यांच्याच कुळातलं. मागे पेन्सिलीने तळ्याचं नाव, सही आणि ३/७. मामी एका फोटोच्या सातच प्रती काढत; ही तिसरी.

प्रत बांधताना त्या सांगत होत्या. बोटाचं तेल लागू देऊं नको. काच कागदाला टेकूं देऊं नको. प्लास्टिकांत घालूं नको, हा कागद दमट हवेंत श्वास घेतो. मी प्रत्येक वाक्याला "हो मामी" म्हणालो. डोक्यात मात्र सोमवारी साहेबांना द्यायचं निवेदन चाललं होतं.

मला कागद ठाऊक होता तो पत्रकाचा. भिजणारा, चुरगळणारा, लोकांच्या पायाखाली जाणारा. जो टिकवायचा तो आम्ही लॅमिनेट करायचो. आमचे सगळे फलक तसेच होते. त्या शनिवारी मी ही प्रतही घेऊन गेलो, आणि नीट काळजी घेतोय असं समजून गेलो. मशीनमधून ती बाहेर आली तेव्हा फुलाच्या खाली, बरोबर पानांवर, दुधाळ फुगा आला होता.

"लांबून दिसत नाही सार," दुकानदार म्हणाला.

सोमवारी साहेबांनी ती हातात धरली, उलटी केली, परत दिली. "फोटो कुठलाही असू शकतो." त्यांच्यावर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. ते अर्धं झालं होतं तेव्हा मामींचा फोन आला.

कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना ते फूल कोणत्या जातीचं आहे ते ठरवायचं होतं. पानं आणि पिशव्या भिंगाखाली पाहायच्या होत्या. मामी नवी प्रत काढायला बसल्या, तर निगेटिव्हला बुरशी लागलेली. "तुझ्याकडची चार दिवस दे, तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या. "बाकी सहा कोणी नेल्या, मला ठाऊक नाहीं. तूं एकटा सांपडतोस."

मी हो म्हणालो. काय झालंय ते सांगितलं नाही. कँटीनच्या खिडकीतून तळ्याकडे पाहिलं: लाल माती, तिच्यावर फिरणारा रोलर. फुलाचा फोटो पुन्हा काढायची सोय उरली नव्हती.

मी घरी एक कोपरा ब्लेडने सोडवायला बसलो. प्लास्टिक निघालं, त्याला चिकटून चित्राची कडाही निघाली. तिथेच थांबलो. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते पाकीट मांडीवर आडवं धरून तीन सबबी जुळवल्या. दुकानदाराची चूक. साहेबांची चूक. पावसाची चूक. तिन्ही चांगल्या वठल्या होत्या, पत्रकात खपल्या असत्या. वर गेलो, चप्पल बाहेर काढली आणि पाकीट मामींच्या हातात दिलं.

मामींनी हातमोजे काढून ठेवले. आता त्यांचा उपयोग नव्हता. प्रत खिडकीशी धरली आणि भिंग लावलं.

"मामी, मी—"

"पानं मोजायचीं आहेत त्यांना. हें रेशन कार्ड घेऊन काय करूं मी?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"साहेबांना दाखविलेंस? काय म्हणाले?"

"म्हणाले, फोटो कुठलाही असू शकतो."

त्यांनी प्रत उलटी करून प्लास्टिकखालच्या आपल्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "तळ्याचें नांव लिहिलें आहे की. वाचलें नाहीं त्यांनीं." मग माझ्याकडे पाहिलं. "तूंही साहेबच रे. मी बोलत होतें तेव्हां तूं कुठें होतास?"

तीनही सबबी खिशातच राहिल्या.

"पत्रकं काढतोस ना? मग काढ. बाकीच्या सहा शोध."

"मी काय केलं तेही लिहू?"

"पहिल्यानें तेंच लिही."

ते साहेबांवरचं पत्रक मी अर्ध्यावर सोडलं आणि हे काढलं. तेव्हापासून दर वेळी थोडं बदलून काढतोय. एक प्रत परत आली, पण ती उन्हाच्या भिंतीवर राहून विटलेली. पानांच्या जागी नुसता धूसर डाग. पाच अजून बाहेर आहेत. मामी विचारतात, मी नाही म्हणतो, आणि मामी आता थकत चालल्या आहेत.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तिरुवल्लिकेणीतल्या त्या जिन्याने तुम्ही कधी फुलाचा कृष्णधवल फोटो विकत नेला असेल, तर तो भिंतीवरून उतरवा. पुसू नका, सोलू नका. मागे पाहा. पेन्सिलीने सिरुसेरीच्या तळ्याचं नाव असेल, तर त्याच जिन्याने तो वर घेऊन जा. चार दिवसांसाठी. याच आठवड्यात.