आलापल्लीचा मॉनिटर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. चहाबरोबर, हसायला. पिंपळाखालची पांढरी साडी, गाडीवर मागे येऊन बसलेली बाई, उलटे पंजे... आणि खाली 'बापरे, काटा आला अंगावर' लिहिणारे पंचवीस जण. यांच्या अंगावर काटा यायला ट्यूबलाइट फडफडली तरी पुरते. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. 'भूत लागलंय' म्हणून माझ्याकडे आलेली प्रत्येक मशीन धुळीने, उंदराने नाहीतर मालकाच्या अकलेने बिघडलेली निघाली आहे. तेव्हा खालचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

एप्रिल २००५. ठिकाण आलापल्ली, सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ. वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी दीड. भुतांच्या ड्यूटीची वेळ नव्हे, हे मुद्दाम सांगतो.

माझं दुकान ब्रह्मपुरीला. सलीमभाईंच्या मशीनवर लिनक्स मीच टाकलं होतं. ते व्हायरसला कंटाळले होते, आणि मला तेव्हा लिनक्सचा माज होता. विंडोज वापरणारा माणूस दिसला की मला त्याची कीव यायची. आठवडाभर आधी येऊन, कुणी सांगितलं नसताना, मी ते अपडेटही करून गेलो होतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर — म्हणजे कार्ड आणि लिनक्स यांच्यातला दुभाषा — जुन्या आवृत्तीपुरता बांधलेला असतो. अपडेटनंतर तो नव्याने बांधावा लागतो. हे मला पाठ होतं. पण बस सुटत होती, म्हणून मशीन परत सुरू करून न बघताच मी निघालो. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत काळा पडदा. आता निस्तरायला मीच आलो होतो.

फोटो काढायच्या स्टुलावर एक म्हातारे बसले होते. पायाशी पिशवी, नजर मॉनिटरवर.

"हे चैतूभाऊ," सलीमभाई म्हणाले. "भामरागडच्या रस्त्यानं आत गाव हाय यांचं. तिसऱ्यांदा आले, संजूभाऊ. पोरगी गेली यांची, बिमारीनं. हे तिकडं आंध्रात मिरच्या तोडाले गेले होते. येईपर्यंत माती झाली. तोंडबी पायलं नाई. शिलाई क्लासच्या फॉर्मसाठी तिचा फोटो मीच काढला होता. कॉप्या फॉर्मासंग गेल्या, आता तो फक्त या डब्ब्यात हाय. परवा तिच्या नावाचा गोटा, आठवणीचा दगड, उभा करतेत गावात. त्याच्या आधी एकडाव पाहाचं म्हणतेत."

"नाव काय पोरीचं?" मी स्क्रू काढत विचारलं. मशीनमधल्या फोटोंना नुसते नंबर होते. कोणता नंबर कुणाचा, ते सलीमभाईंच्या रजिस्टरात नावापुढे लिहिलेलं असायचं.

चैतूभाऊंनी सलीमभाईंकडे पाहिलं.

"गोटा उभा होईपर्यंत घरच्यानं नाव घ्याचं नाई, असं हाय यांच्यात," सलीमभाई हळूच म्हणाले.

"मग तुम्ही सांगा."

"मले कुठी याद राह्यते? दिवसाले किती पोरी येतेत फॉर्मासाठी."

मी मनात म्हटलं, वा! पोरगी पाहायची आहे, पण तिचं नाव घ्यायचं नाही. असल्या लोकांसाठी मी एस.टी.त चार तास हाडं खिळखिळी करून घेतली.

मग माझी शहाणपणाची परेड सुरू झाली. बरोबर आणलेल्या सीडीत ड्रायव्हर होता, पण भलत्याच आवृत्तीचा. नेटवरून उतरवावा तर फोनची लाइन दर पाच मिनिटांनी तुटायची. शेवटी कुठल्याही कार्डावर चालणारा साधा ड्रायव्हर लावला. तरीही पडदा काळाच. वर काळ्या पडद्यावर जी अक्षरं निदान दिसत होती, त्यांचेही चौकोन व्हायला लागले. म्हणजे ड्रायव्हर बाजूलाच राहिला, कार्डच मरायला टेकलं होतं. मी आधी आलापल्लीच्या धुळीला शिव्या दिल्या, मग व्होल्टेजला, मग सलीमभाईंना. नाचता येईना अंगण वाकडं.

"हार्डडिस्क ब्रह्मपुरीला नेतो," मी म्हणालो. "आठ दिवसांनी या."

"परवा गोटा हाय," चैतूभाऊ म्हणाले. 

"मग गोटा ढकला की आठ दिवस पुढे."

सलीमभाई चिडले. "जंगलातून साऱ्या गावानं वाहून आणला हाय तो. ढकलाले काय लग्नाची तारीख हाय? काऊन असं बोलून राह्यले?"

शेवटचा उपाय म्हणजे कार्ड काढून त्याची टोकं खोडरबराने घासायची. मी मशीन बंद केली, तिची वायर भिंतीतून उपटली. मॉनिटरची केबल सोडली, ती टेबलाखाली लोंबायला लागली. कार्ड काढून हातात घेतलं आणि घासत बसलो. मॉनिटर तेवढा बंद करायचा राहिला होता.

चैतूभाऊ स्टुलावरून उठले, तेव्हा मी मान वर केली.

मॉनिटरवर एक मुलगी होती. सोळा-सतरा वर्षांची, केस मोकळे, त्यात खोचलेली लाकडी फणी. कुणीतरी काही बोललं असावं तशी ती बाजूला बघून हसत होती. मागे काही नव्हतं, नुसता उजेड.

"मैनी!" चैतूभाऊंनी हाक मारली.

सकाळपासून जे नाव त्यांनी ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते त्यांनी, मुलगी शेजारच्या खोलीत असावी तसं सहज घेतलं. मग ते गोंडीत बोलत राहिले, काच हाताने चाचपत. सलीमभाईंनी डोक्यावर रुमाल टाकला. मी खाली वाकून पाहिलं. केबल लोंबतच होती, कशालाही न लागलेली. कार्ड माझ्या हातात, मशीनची वायर जमिनीवर. मला भीती वाटली. हो, वाटली, लपवून काय करू?

चार-पाच मिनिटं गेली असतील. चैतूभाऊंनी डोळे पुसले, पिशवी उचलली, आणि पडदा काळा झाला. जाताना त्यांनी मला हात जोडले.

"बरं केलं भाऊ. तुमी मशीन सुदरवली."

"हो," मी म्हणालो. जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नाही, पण म्हणालो.

कार्ड परत बसवलं. ते मेलेलंच होतं. हार्डडिस्क ब्रह्मपुरीला आणून दुसऱ्या मशीनला लावली. आता नाव माहीत होतं. रजिस्टरातला मैनीपुढचा नंबर सलीमभाईंनी फोनवर सांगितला, मी फोटो उघडला. तीच मुलगी. पण मागे सलीमभाईंचा निळा पडदा, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, नजर सरळ समोर आणि तोंड मिटलेलं. फणीवाला, हसरा फोटो त्या डिस्कवर नाही. मी एकूण एक फोटो दोनदा पाहिला.

हे ऐकून दोन इंजिनिअर मित्रांनी मला 'ट्यूबमध्ये उरलेला चार्ज' समजावला. उंटावरचे शहाणे! उरलेला चार्ज पडद्यावर ठिपका दाखवतो, कधी न काढलेला फोटो दाखवत नाही. 

गेल्या वर्षी माझे वडील गेले. मी कामासाठी हैदराबादला होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेरवीनंतर दुकान उघडलं, मागे पडलेला जुना मॉनिटर टेबलावर घेतला, चालू केला आणि केबल खाली लोंबती सोडली. दुपारभर त्याच्यासमोर बसलो. एकदा 'बाबा' म्हणून हाकही मारली. 'सिग्नल नाही' ही पाटी तेवढी पडद्यावर इकडून तिकडे फिरत राहिली.

चारच्या सुमाराला एक गिऱ्हाईक आलं. त्याने विचारलं, "काय करून राह्यले भाऊ?" मी म्हणालो, टेस्टिंग चालू आहे.