झारच्या सरदाराला लागलेली हळद

आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या फ्लॅटमध्ये रशियाच्या झारचा एक सरदार मुक्कामाला होता, असं मी सांगितलं की पुण्यातले मित्र हसतात. हसोत बापडे. सरदार स्वतः नव्हता, त्याचा लष्करी कोट होता. पण कोट असा, की तो घरात असेपर्यंत बनियनवर सोफ्यावर बसायची माझी छाती झाली नाही.

खालच्या मजल्यावरच्या डच आजींच्या आजोबांचा तो. पांढराशुभ्र, लोकरीचा, छातीवर सोनेरी वेणीकाम, गुंडीगुंडीवर दोन डोक्यांचा गरुड. वजन इतकं, की आमच्या हँगरने राजीनामा दिला. माझी बायको घरी ब्लाउज शिवते आणि तिच्या टाक्याची कीर्ती साऱ्या नेदरलँड्समध्ये, म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये, पसरलेली. म्हणून एक उसवलेली सोनेरी पट्टी शिवायला आजींनी तो वर आणून दिला.

शुक्रवारी एका म्युझियमची बाई तो बघायला यायची होती. आजींना मूलबाळ नाही. "तिने घेतला तर काचेच्या कपाटात," आजी म्हणाल्या, "नाही घेतला तर माझ्यामागे कोपऱ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या डब्यात." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की बायकोने त्यांच्या चहात साखर दोनदा घातली.

सरदारांच्या जहागिरीत घोडे एवढे, की मोजणारे कारकून म्हातारे होऊन निवृत्त व्हायचे. (आजी फक्त "पुष्कळ होते" म्हणाल्या. डच लोकांना सांगताच येत नाही.) क्रांती झाली तेव्हा हा कोट पिसांच्या दुलईत शिवून ते पळाले. देशोदेशी हिंडत हॉलंडात आले आणि दुधाची घोडागाडी हाकू लागले. गाडीवरही पाठ अशी ताठ, की बाया एकाऐवजी दोन भांडी घेऊन दारात यायच्या. वर्षातून एकदा, जुन्या पलटणीच्या सणाला, ते हा कोट चढवून स्वयंपाकघरात बटाटे आणि मासा खायचे, छातीवर पंचा बांधून. जन्मात कोटाला डाग पडू दिला नाही.

डाग आमच्याकडे पडला. तेव्हा माझी आई पुण्याहून आली होती. खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते, आणि इथली आमची हत्यारं म्हणजे लॅपटॉप, शिवणयंत्र, सायकली आणि कुकर. आई हळदीची वाटी घेऊन शिवणयंत्रापाशी पोचली, तर शेजारी साक्षात शिपाईगडी. त्याला वगळायचं कसं? तिने ओल्या हळदीचं बोट थेट छातीवर टेकवलं. बायकोने पाहिलं आणि धावत जाऊन साबण लावला. हळदीला साबण लागल्यावर काय होतं, ते मराठी माणसाला मी काय सांगू? लालभडक. सरदारांना आमच्या हॉलमध्ये गोळी लागली.

"अहो आई, विचारायचं तरी," बायको म्हणाली.

"शिपायाला ओवाळायचं, त्यात विचारायचं काय? लिंबू पिळ, साध्या पाण्याने पूस आणि उन्हात घाल. हळद उन्हाला भिते."

"ऊन?" मी म्हणालो. "आई, अगं हा ऑक्टोबर आहे. इथला सूर्य इथल्या डॉक्टरसारखा. भेटलाच, तर पॅरासिटामॉल घ्या म्हणतो आणि जातो."

लिंबाने लालाचं पुन्हा पिवळं झालं. तेवढं घेऊन आम्ही आजींकडे गेलो. आजी डागाकडे बघत राहिल्या. उरलेली हळद उन्हाने उडते, हे सांगून मी पूजेचा अर्थ सांगितला. एखाद-दुसरा हत्तीही घातला असेल. आमच्यात शूरवीरांना असं पुजतात, म्हणालो.

"पण ते शूर नव्हते," आजी म्हणाल्या. "एक लढाई लढले नाहीत. नुसत्या परेडी."

मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "सरदाराचा जन्म घेऊन परक्या गावात दारोदार दूध घातलं, पाठ वाकू दिली नाही. मग लढाई आणखी कशाला म्हणतात, विचार तिला."

हे मात्र मी आजींना जसंच्या तसं सांगितलं. माझ्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडलं. आजी उठल्या, रेनकोट घातला आणि म्हणाल्या, "ऊन कुठे आहे?"

मोबाइलवरच्या हवामानाच्या नकाशात ऊन गावाबाहेरच्या शेतांवर दिसत होतं. मी पोरांना शाळेत नेतो ती पुढे लाकडी खोकं असलेली सायकल काढली. खोक्यात आजी, आजींच्या मांडीवर छाती पुढे काढून सरदार. मी ढगांमागे अशी सायकल हाणली, की गाई चरायच्या थांबल्या. एका पोलिसाने कडक सलाम ठोकला. सिग्नल लाल होता म्हणून त्याने हात वर केला, असं बायको म्हणते. ती तिथे नव्हती. कालव्याकाठी ऊन सापडलं आणि आम्ही ते ढग येईतो सोडलं नाही. सलग तीन दुपारी.

शुक्रवारी म्युझियमची बाई पांढरे हातमोजे घालून आली. डाग फिकट झाला होता, गेला नव्हता. तिने बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

मी तोंड उघडणार, तोच आजींनी मला गप्प केलं. "ही हळद. माझ्या शेजारणीने माझ्या आजोबांची पूजा केली. दूधवाल्याची."

बाईने भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आई पदराचं टोक पिळत होती.

"ठीक," बाई म्हणाली. "पण आता कृपा करून कोणी धुऊ नका. हळद आहे तशी राहू दे."

कोट घातलेलं म्युझियमचं लांबलचक खोकं लिफ्टमध्ये मावेना. ते मी जिन्याने उतरवलं, एका हातावर. आजी पुढे झाल्या, काठी बगलेत मारून, आणि खालच्या दारापर्यंत एकेक दार स्वतः उघडून धरत गेल्या.