मी खोडलेलं त्यांनी वाचलं

"उशाला तुमचा शर्ट घेऊन झोपते."

हे मी माझ्या नवऱ्याला लिहिलं होतं. ते भाऊसाहेबांनी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. अकरा माणसांसमोर. चष्मा नाकावर सरकवून, एकेक इंग्रजी अक्षर जुळवत. मी मराठी लिहिते ती इंग्रजी कळा दाबून, आणि त्यांच्या हातातल्या कागदावर नुसत्या कळाच छापून आल्या होत्या. "उ... शा... ला. तुम... चा. शर्ट." कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले.

मी उभी होते. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

पलूसमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. सहा वर्षं, कंत्राटावर. माहेर आटपाडीकडचं. नवरा फौजेत, लांब सीमेवर. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्याच मशीनवरून मी त्यांना चार ओळी लिहायची. भाऊसाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. टेबलाच्या टोकाला बसले होते ते संस्थेचे सचिव. त्यांची सही झाली की माझं कंत्राट वर्षभर वाढायचं.

सचिव म्हणाले, "ते र्‍हाऊ द्या. मुद्द्याचं वाचा."

मुद्द्याचं म्हणजे माझी तक्रार. जी मी कधी दिलीच नव्हती.

माझ्यानंतर त्या मशीनवर बसायचं झालं की भाऊसाहेब आधी ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसायचे. माझ्यानंतरच. दुसरं कुणी उठलं तर तसेच बसायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, "धूळ लय असती गं." माझ्याच बोटांना धूळ. आज्यानं धम्म स्वीकारला. बापानं गवंडीकाम करून मला शिकवलं. मी पदवी घेतली. आणि बोटं होती तिथंच राहिली.

त्यावर मी तीनदा तक्रार लिहायला बसले. एकदा तर अर्धं पान झालं होतं. मग भीती वाटली. अक्षरन् अक्षर खोडलं. स्क्रीन पांढरी झाली तेव्हा वाटलं, सुटले.

कागदावर ते सगळं होतं. लिहिलेलं होतं आणि खोडलेलंही होतं. खोडायची कळ मी जितक्यांदा दाबली तितक्यांदा तिचं नाव छापलेलं होतं, ओळीच्या ओळी. मी किती घाबरले होते तेसुद्धा त्यांना मोजता आलं.

"ऑफिसच्या मशीनवर बसून ऑफिसच्याच विरुद्ध लिवतीस?" सचिव म्हणाले. "मशीन आमचं, लाईट आमची. तुमच्यासारख्यास्नी खुर्ची दिली हीच आमची चूक. माफीनामा लिहून दे."

मी लिहून दिला. हे लपवणार नाही.

सांगलीला माझी मावसबहीण सुजाता कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. रविवारी तिच्याकडं गेले. मी रडत होते, ती ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं. "अक्का, त्या मशीनवर नवीन काय टाकलं हुतं का?"

टाकलं होतं. उन्हाळ्यात भाऊसाहेबांनी पेनड्राइव्ह आणून दिला होता. म्हणाले, मराठी टायपिंगचं आहे, फुकटचं. तो लावल्यावर अँटिव्हायरसनं लाल चौकट दाखवली. भाऊसाहेब पाठीमागंच उभे होते. "बंद कर ते. त्येच्यामुळंच मशीन सावकाश चालतं." मी बंद केलं. 'हो' वर माझ्याच बोटानं क्लिक केलं.

सुजाता म्हणाली, "मग तितनंच शिरलं. मशीन चालू झालं की ते आपोआप चालू हुतं, दिसत न्हाई. तू जी कळ दाबशील ती लिहून ठेवतं आन् ज्यानं टाकलं त्याला नेटवरनं धाडतं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं. सुजाता फोनवर सांगत गेली, मी करत गेले. आधी नेटची वायर काढली. मग मशीनच्या मागं हात घालून बघितलं, कीबोर्डच्या वायरला बोंडासारखं काही जोडलंय का. कळा टिपायला तसंही करतात म्हणे. नव्हतं. मग मशीनबरोबर काय काय सुरू होतं त्याची यादी काढली. त्यात प्रिंटरचं वाटावं अशा नावाचं एक होतं. आमचा प्रिंटर दुसऱ्याच कंपनीचा. त्याच्या मागं मागं जात एक लपवलेली फाईल सापडली. उघडली. आत मीच होते. नवऱ्याला लिहिलेलं. आईच्या आजाराबद्दल डॉक्टरांना विचारलेलं. माझे सगळे पासवर्ड.

"काढू कसं हे?" मी विचारलं.

"काढायला सोपं हाय. मशीन सेफ मोडमधी सुरू करायचं, चांगल्या अँटिव्हायरसनं सगळं तपासायचं, घावलं ते काढायचं, परत सुरू करून परत तपासायचं. तरी शंका र्‍हायली तर कामाच्या फायली बाजूला घेऊन सगळं पुसायचं आन् नव्यानं भरायचं. पण अक्का, आत्ता काढू नगो. काढलंस तर पुरावा गेला. फोटो घे. आन् पासवर्ड माझ्या मशीनवरनं बदल. हितं बदललेस तर नवंबी त्यास्नी कळतील."

मी फोटो घेतले. फाईल बंद केली. वायर परत लावली.

आणि त्याच मशीनवर आठ दिवस काम केलं. ते आत बसलंय हे माहीत असताना. बोनाफाईड, शाळा सोडल्याचे दाखले. ओरडावंसं वाटायचं. पण मी नुसते दाखले टाइप करत राहिले.

नवव्या दिवशी तक्रार हातानं लिहिली. कीबोर्ड पुसण्यापासून मीटिंगपर्यंत सगळी. दोन प्रती. सचिवांच्या टेबलावर ठेवल्या आणि पोचेचा शिक्का मागितला. त्यांनी वाचलं. शिक्का मारला नाही. केबिनमधूनच हाक मारली, "भाऊसाहेब, ते मशीन आजच्या आज फॉरमॅट करून टाका."

भाऊसाहेब माझ्या खुर्चीपाशी आले. "ऊठ."

"न्हाई."

"काय म्हनलीस?"

"न्हाई उठणार. पोलीस बघंपर्यंत ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."

सहा वर्षांत त्यांना 'न्हाई' पहिल्यांदा म्हटलं. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले. बाकीचे माना खाली घालून होते. मीटिंगमध्ये हसलेले तेच सगळे. सहा वाजेपर्यंत मी उठले नाही. पण शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा उठावंच लागलं.

सकाळी मशीन कोरं होतं. माझं तर सोडाच, त्यांचंही काही शिल्लक नव्हतं. कीबोर्डसुद्धा नवा आणला होता.

सांगलीला पोलिसांकडं गेले. समोरच्या साहेबांनी विचारलं, "मशीन कुणाचं?"

"संस्थेचं."

"मग?"

मी फोटो पुढं केले. त्यांनी बघितले. अर्ज घेतला. "कळवतो," म्हणाले. अजून कळवलेलं नाही. माझं कंत्राट मात्र त्याच महिन्यात संपलं.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू आता नुस्तं 'बरं आहे' एवढंच का लिवतीस?" मशीनमधून ते कळा टिपणारं पुसलं गेलं. माझ्या बोटांतून गेलं नाही. माझ्या स्वतःच्या फोनवरसुद्धा दोन शब्दांपुढं बोटं जात नाहीत.

गेल्या आठवड्यात भाऊसाहेब दारात आले. आत आले नाहीत. "अर्ज मागं घे. सचिव परत कामावर घ्यायला तयार हायत. कशाला उगं वाढवतीस? तुझं काय हाती लागणार हाय?"

"ठावं न्हाई," मी म्हणाले. "पर मागं घेणार न्हाई."

ते गेले. मी दार लावलं आणि तिथंच खाली बसले. काम हवं होतं मला. अजून हवं आहे. आईची औषधं थांबत नाहीत.

सोमवारी पुन्हा सांगलीला जायचं आहे. साहेब भेटले नाहीत तर मंगळवारी. पोलीस म्हणाले आमचं काम नाही, तर कोर्टात. अर्जावर तक्रारदार म्हणून माझं नाव आहे, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते तिथंच राहील.