मिनिटभर मोजलेला श्वास

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवरची सुभद्रा दुपारी धापा टाकत माझ्या डोळ्यांदेखत गेली. तिच्या खाटेला लावलेल्या तपासणीच्या कागदावर मात्र मिनिटाला वीस श्वास लिहिले होते. सगळ्यांच्याच कागदावर वीस असतात. न मोजताच लिहितात.

संध्याकाळी मलाही धाप लागली. नर्सिंगमध्ये पीएचडी करणारी सिस्टर घड्याळ धरून मिनिटभर माझ्या छातीकडे बघत राहिली.

“एवढं शिकून हेच मोजतेस, पोरी?” मी कसंबसं विचारलं.

“हेच शिकतेय, आजी. बोलू नका.” मग ती ओरडली, “अडतीस! ऑक्सिजन आणा!”

मी चौथी शिकलेय, मलाही मोजता येतं. सुभद्राची धाप मी सकाळपासून ऐकत होते, मोजली नाही. शेजारच्याचं दुखणं आपण असंच अंदाजाने लिहून टाकतो.

सुभद्रा गेली. मी जगले.