ओटा हाय की घरात

माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. गॅसवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत कुणी माझ्या नादी लागत नाही. पण त्या दिवशी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मला कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि बोलले मीच.

प्रश्न माझ्या धाकट्या जावेला होता. ती दुधनीकडची, घरात कानडी बोलत वाढलेली, मला अक्का म्हणते. आमचा घरचा कडक भाकरीचा धंदा. मी पीठ मळून द्यायची, गिऱ्हाइकं बघायची. भाकरी तिच्या हातची. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खाली मांडलेल्या शेगडीपुढं ती उकिडवी बसायची, ती दुपार कलेपर्यंत. लग्नसराईतल्या एका मोठ्या ऑर्डरीला ती मधेच म्हणाली, "अक्का, पायाला लई मुंग्या आल्यात." मी म्हटलं, "मुंग्याच आल्यात न्हवं, साप तर न्हाई आला? एवढी परात संपव, मग ऊठ."

उठली तेव्हा तिचं उजवं पाऊल लोंबत होतं. चवडा वर उचलायचाच नाही. पाऊल टाकलं की बोटं जमिनीला घासायची, चप्पल मागं राहायची. दोन दिवस आम्ही तेल चोळलं. मग डॉक्टरांनी गुडघ्याजवळची नस दबली म्हणून फिजिओथेरपीला धाडलं.

तिथली मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. तिनं जावेला विचारलं, "उकिडवं बसून काम असतं का तुमचं? किती वेळ?" जावेनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "छे हो, ओटा हाय की घरात. सगळं उभ्यानंच."

का बोलले? सासूबाई गेल्यापासून घरात मोठी मीच. थोरलीनं धाकटीला राबवून पांगळं केलं, हे कुणाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. जावेनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मॅडमनं कागदावर लिहून घेतलं.

मग मशीन सुरू झालं. ओल्या स्पंजचे दोन पॅड नडगीवर पट्ट्यानं बांधायचे आणि बटण फिरवायचं. करंट आला की पाऊल आपोआप वर, गेला की खाली. पहिल्या दिवशी ती खुदकन हसली. म्हणाली, "अक्का, माजा पाय माजं आयकंना, ह्या डबीचं आयकतोय बगा." नस जागी होईपर्यंत स्नायू वाळू नये म्हणून हे, असं मॅडमनं समजावलं. रोज यायचं होतं. आम्ही रोज जायचो, आणि तिथून घरी आलो की ती पुन्हा शेगडीपुढं उकिडवी. मी आपली "जरा बेतानं" म्हणायची आणि पिठाची परात पुढं सरकवायची. मॅडमनं तो प्रश्न विचारला म्हणजे त्यात काहीतरी असणार, एवढं न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पण ऑर्डरी घेतलेल्या होत्या.

महिना उलटला तरी फरक पडेना. मॅडम चक्रावली. "एव्हाना थोडं तरी यायला पाहिजे होतं," म्हणत करंट थोडा थोडा वाढवत गेली. जाऊ पदराचं टोक दातात धरून पडून राहायची. एकदा मी सहज विचारलं, "लई लागतं का हो हे?" मॅडमनं पॅड माझ्या पायावर बांधले आणि आकडा हळूहळू चढवला. जावेच्या आकड्याच्या निम्म्यावरच मी "बंद करा, बंद करा" म्हणत पाय आखडून घेतला. जाऊ तोंडावर हात धरून हसत होती. खोटं मी बोलले होते आणि झटके ती खात होती, महिनाभर, एक शब्द न काढता.

मॅडम म्हणाली, "आता पुढच्या तपासणीला पाठवावं लागेल. मागच्या आठवड्यात तुम्ही बाहेर होता, तेव्हा मी यांना खाली बसण्याचं पुन्हा विचारलं होतं. त्याही ओट्याचंच म्हणाल्या."

तेव्हा मी सांगून टाकलं. शेड, शेगडी, परात, सगळं. मॅडम माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही उलटून बोलले असते. ती एवढंच म्हणाली, "आजपासून उकिडवं बसणं बंद. हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं."

रिक्षात मी जावेवरच खेकसले. "मी नसताना तरी खरं सांगायचं होतंस."

"तुमी बोलला होता की, अक्का. मी दुसरं कसं सांगू?"

पुढं शेडमध्ये खरोखरचा ओटा बांधला, तिला उंच स्टूल आणलं. पाऊल उचलू लागलं, मशीनशिवाय, तिच्या मनानं. पण पुरतं नाही. अंगठा अजून वर येत नाही आणि दमली की चप्पल घासते. आता एवढं राहीलच बहुतेक, असं मॅडम म्हणते. तो महिना वाया गेला नसता तर, हे ती म्हणत नाही. ते मी म्हणते, मनात, चप्पल घासल्याचा आवाज आला की प्रत्येक वेळी.

परवा वैरागला लग्नाला गेलो होतो. पंगतीत खाली बसता येत नाही म्हणून मी तिला खुर्ची आणून दिली आणि शेजारी बसले. एका बाईनं विचारलं, "पायाला काय झालं ओ?" मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण जावेनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाय, न्हाणीत घसरले. ह्या अक्कानीच रोज दवाखान्याला नेलं मला."

"नशीब लागतं अशी जाऊ मिळायला," बाई म्हणाली.

मी मान हलवली आणि जेवायला लागले.