इड्वलची शनिवारची आंघोळ

नेस्टा तेव्हा नऊ वर्षांची. वेल्समधल्या खोऱ्यात, कोळशाच्या खाणीच्या पायथ्याच्या गल्लीत राहायची. भारी बडबडी पोर. पण शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजले की तोंडाला कुलूप. टीव्हीवर ती अंतराळवाल्यांची मालिका लागायची ना! त्यातली ती दुष्ट काचेची माणसं आली की पोरगी सोफ्यामागं दडायची नि एका डोळ्यानं बघायची.

त्या शनिवारी शेवटचा भाग होता. गेल्या भागात कप्तान यानाबाहेर अडकलेला, हवा संपत आलेली. आठवडाभर नेस्टाला घास गोड लागला नाही. आज चुकलं तर चुकलंच, परत कोण दाखवतंय?

घोळ असा, की ऊब देणारी शेगडी एकाच खोलीत आणि टीव्हीही तिथंच. बाप इड्वल खाणीतून काळाकुट्ट होऊन यायचा नि शेगडीपुढं पत्र्याच्या टबात बसायचा. तोवर पोरीनं स्वयंपाकघरात थांबायचं. रोज पाठ धुतली की कंबरेतलं बळ जातं, असं खाणवाले म्हणायचे. म्हणून पाठ फक्त शनिवारी. आठवड्याचा कोळसा तो, तासभर निघायचा नाही! एरवी शनिवारी इड्वल सातला यायचा. त्या दिवशी खाणीतला कोळसा वाहणारा पट्टा तुटला, काम थांबलं नि स्वारी सव्वापाचलाच दारात.

आई टेगवेननं कढत पाणी ओतलंसुद्धा. "चल गं, हो आत."

"आई, आज नको ना! तो मरेल गं!"

"कोण?"

"कप्तान!"

"मरू दे मेला. तुझा बाप गारठलाय इथं."

नेस्टा सोफ्याचा पाय घट्ट धरून बसली. हलायलाच तयार नाही.

बुटाची नाडी सोडता सोडता इड्वलनं विचारलं, "किती हवा उरलीय त्याची?"

"चार मिनिटांची, बाबा."

दोन वर्षांमागं खाणीत दरड कोसळली तेव्हा इड्वल स्वतः सहा तास आत कोंडला होता.

"अगं, सोफ्यावर पेपर अंथर," तो बायकोला म्हणाला.

"आणि पाणी? निवेल ना ते!"

"राहू दे. माणूस अडकलाय तिकडं."

टेगवेननं कपाळावर हात मारला. "खुळ्यांचा बाजार नुसता!" पण पेपर अंथरला हो तिनं.

काळा बाप, गोरी लेक, शेजारी शेजारी. काचेची माणसं आली तशी नेस्टा सोफ्यामागं दडायला उठू लागली, तर बापानंच तिचा हात गच्च धरला. कप्तान कसाबसा दारातून आत पडला, तेव्हा मोठ्यानं श्वास सोडला तो इड्वलनं.

"वाचला गं!"

मग नेस्टा नाचत स्वयंपाकघरात पळाली. इकडं इड्वल टबात उतरला नि ओरडला, "आयायाई!"

"भोग आता!" टेगवेन त्याची पाठ खसाखसा घासत म्हणाली. "बोलव तुझ्या कप्तानाला पाणी तापवायला!"