जर्मनकाकांचा फरारी

"गप ऱ्हवा, रान आयकता हा," असं म्हणून जर्मनकाका उजवा हात वर करायचे, आणि भांडुपच्या आमच्या चाळीचं अंगण चिडीचूप व्हायचं. सत्यनारायणाची आरती नुकतीच झालेली असायची, द्रोणातला शिरा अजून संपलेला नसायचा. दरवर्षी पूजेच्या संध्याकाळी काका तीच गोष्ट सांगायचे आणि दरवर्षी आम्ही ती नव्याने ऐकायला बसायचो.

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर. तरुणपणी कारखान्याने त्यांना नवीन मशीन शिकायला जर्मनीत पाठवलं होतं. तिकडून लोक घड्याळं आणतात, चॉकलेटं आणतात. काकांनी एक फरारी आणला.

फरारी म्हणजे तिकडचा जुन्या काळचा, गरीब घरातला एक पोरगा. जमीनदारांची हरणं शेतकऱ्यांची उभी पिकं खायची आणि हरणाला हात लावला की तुरुंग. "हरणा म्हणजे आपले गवे समजा," काका म्हणायचे, आणि अंगणातली सगळी कोकणी डोकी हलायची. या पोराने बंदूक उचलली. हरणं मारली, मटण गावात वाटलं. सरकारने त्याला चोर ठरवलं, लोकांनी त्याच्यासाठी दारं उघडी ठेवली. शिपाई पुढच्या दाराने आले की एखादी म्हातारी त्याला मागच्या दाराने बाहेर काढायची. काका ती म्हातारी व्हायचे, शिपाई व्हायचे, त्याचा भला मोठा कुत्राही व्हायचे. शेवटी एका खानावळीला शिपायांचा वेढा पडायचा, धूरच धूर व्हायचा, आणि काका दोन्ही हात हवेत फेकायचे. "गेलो! रानात गेलो! अजून कोणाक सापडाक नाय!"

पहिल्या रांगेत खुर्चीवर काकांची आई, सगळ्या चाळीची आजी, बसलेली असायची. ती म्हणायची, "बरा झाला."

लग्न होऊन मी या चाळीत आले तेव्हा सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "त्यांना गोष्टीचा खरा शेवट विचारू नकोस." काकांचा धाकटा भाऊ टोळीत गेला होता. चाळीतल्या मुलींची वाट अडवणाऱ्यांना त्याने असं वठणीवर आणलं होतं की बायका अजून त्याचं नाव मायेने घ्यायच्या. बाहेर त्याने काय काय केलं, ते मात्र कोणी बोलत नसे. तो पोलिसांच्या गोळीने गेला. काका एकटे जाऊन ओळख पटवून आले, एकट्यानेच अग्नी दिला आणि घरी येऊन आईला म्हणाले, "पळालो तो. खय गेलो, म्हायत नाय." सगळ्या चाळीने ते खोटं वर्षानुवर्षं सांभाळलं.

एका दुपारी आजी आणि मी वाल सोलत बसलो होतो. आजी अचानक म्हणाल्या, "त्या दिवशी ह्यो ओल्या कपड्यांनी घरात इलो. खयसून इलो, ता आवशीक कळणा नाय?"

अंगावर ओले कपडे घेऊन माणूस घरी येतो तो स्मशानातून.

"तेका वाटता, माका म्हायत नाय. वाटांदे. मी आसंय तोवर सांगू नको हां."

मी नाही सांगितलं. आजी गेल्या, तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा सांगितलं. काका कपबशी हातात धरून बसले. चहावर साय आली. मग एवढंच म्हणाले, "मगे ती दरवर्षी आयकत कित्याक होती?"

मी त्यांच्या हातातली कपबशी घेतली आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

त्या वर्षी पूजेला काका पुन्हा उभे राहिले. म्हातारी झाली, शिपाई झाले, कुत्रा भुंकला. खानावळीला वेढा पडला. पण काकांचे हात वर गेले नाहीत.

"धरल्यानी तेका," ते म्हणाले. "आणि लोकांसमोर मारल्यानी."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. तिसऱ्या खोलीतली छोटी मुलगी म्हणाली, "मग त्याच्या आईला कोणी सांगितलं?"

"भाऊ होतो तेचो. तो सांगाक निघालो."

"मग?"

"वाटेत धीर सुटलो तेचो."

"म्हणजे आईला कळलंच नाही?"

"कळला गो," काका म्हणाले. "सगळ्यांच्या आधी कळला."

आता काका नाहीत. पूजा होते, शिरा होतो, आणि आरती संपली की ज्याचा तो घरी जातो.

मला ते आठवतात ते त्या पूजेच्या दुसऱ्या सकाळचे. प्रसाद द्यायला गेले, तर काका स्टुलावर उभे, दातांत खिळा. आजींच्या फोटोशेजारी दुसरा एक फोटो लावत होते. दाट केसांचा, हसरा, विशीतला मुलगा. खाली उतरून, मागे सरकून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"बघ गो, सरळ लागलो मा?"

"जरासा डावीकडे कललाय," मी म्हटलं.

ते परत स्टुलावर चढले.